बॅकलिंक शून्य? पैसे मोजण्याआधी हे तपासा!

पावसाळा लागला की कोथळीगडाला जाणारे आंबिवलीकडे वळतात, भीमाशंकरच्या वाटेवरचे खांडस गाठतात. कर्जतहून जाताना दोघांनाही लागतं ते कशेळे. या पट्ट्यात फार्महाऊस, होमस्टे, टेन्ट कॅम्प वाढले. महिलांच्या पर्यटन व्यवसायासाठी राज्य सरकारने 2023 मध्ये ‘आई’ धोरणही आणलं. मग घरच्या होमस्टेची वेबसाइट बनवायचं काम कुणाकडे येतं? अर्थातच तुमच्याकडे. ‘तू कॉम्प्युटर शिकतोस ना, कर मग!’

तुम्ही साइट बनवता, गुगल सर्च कन्सोलला जोडता. दोन-तीन ट्रेकिंग ब्लॉगवाले तुमची लिंकही देतात. पण ‘लिंक्स’चा रिपोर्ट उघडला तर आत काहीच नाही. नेमकं तेव्हाच कुणीतरी फोन करतं, ‘तुमच्या साइटला बॅकलिंकच नाहीत, आमचं पॅकेज घ्या.’ इथे घरचे पैसे पणाला लागतात. म्हणून आधी समजून घ्या, लिंक नसणं आणि लिंक न दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लिंकला एवढा भाव का?

1998 मध्ये स्टॅनफर्डच्या लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी पेजरँकची कल्पना मांडली. दुसऱ्याने दिलेली लिंक म्हणजे एक प्रकारचं मत, आणि वजनदार साइटचं मत जास्त मोलाचं. आज गुगल इतर असंख्य गोष्टीही बघतं, पण लिंकचं महत्त्व संपलेलं नाही. म्हणूनच तिचा बाजार भरला.

मग आकडा दिसत का नाही?

पहिला संशय प्रॉपर्टीवर घ्या. सर्च कन्सोलमध्ये साइट दोन प्रकारे जोडता येते. ‘यूआरएल प्रीफिक्स’ निवडलं तर तुम्ही टाकलेल्या पत्त्याचाच डेटा येतो. तुम्ही एचटीटीपी टाकलं आणि साइट चालते एचटीटीपीएसवर, किंवा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचा फरक राहिला, तर डेटा भलत्याच खात्यात जमा होतो. 2019 पासून असलेली ‘डोमेन’ प्रॉपर्टी हे सगळे पत्ते एकत्र धरते. तीच घ्या. प्रॉपर्टी नवी असेल तर डेटा यायला काही दिवस लागतात, तेवढा धीर धरा.

दुसरं, लिंक देणारं पान गुगलने पाहिलंय का? त्या पानाचा पत्ता ‘साइट:’ लावून गुगलवर शोधा. ते पान सापडलंच नाही, तर बहुधा त्यावरची लिंकही मोजली गेलेली नसते. ब्लॉगवाल्याने रोबॉट्स फाइलमध्ये गुगलला अडवलं असेल, किंवा लिंक साध्या टॅगऐवजी जावास्क्रिप्टच्या बटणात लपवली असेल, तरी हीच गत.

तिसरं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शंभर जणांनी लिंक फिरवली म्हणून रिपोर्टमध्ये शंभर दिसणार नाहीत. खासगी गप्पांत गुगलचा बॉट शिरत नाही. अशा शेअरिंगमुळे पाहुणे येतील, बॅकलिंक नाही.

चौथं, हा रिपोर्ट म्हणजे सातबारा नव्हे! त्यात सगळ्या लिंक असतीलच असं नाही, हे गुगलच सांगतं. तक्त्यात जास्तीत जास्त हजार ओळी दिसतात. त्यामुळे अहरेफ्स किंवा बिंग वेबमास्टर टूल्सचा आकडा वेगळा आला तर दचकू नका. प्रत्येकाचा बॉट वेगळा, प्रत्येकाची वही वेगळी.

नावाचा घोळ

आपल्याकडे आणखी एक गंमत आहे. भिवंडीजवळ कशेळी आहे, राजापूर तालुक्यात कनकादित्याची कशेळी आहे. इंग्रजीत लिहिताना आपल्या कशेळ्याचंही कुणी ‘कशेळी’ करून टाकतं. म्हणून ब्लॉगवाल्याला सांगा, लिंकवर ‘इथे क्लिक करा’ लिहू नका, ‘कशेळे, कर्जत’ असं गावाचं नाव घाला. ‘टॉप लिंकिंग टेक्स्ट’ या तक्त्यात लोक तुम्हाला कोणत्या शब्दांनी ओळखतात ते कळतं. आकड्यापेक्षा हे जास्त कामाचं.

पॅकेजचं काय?

रँकिंग वाढवायला लिंक विकत घेणं गुगलच्या नियमात बसत नाही. एप्रिल 2012 च्या ‘पेंग्विन’ अपडेटने असल्या लिंकवर उभ्या राहिलेल्या कितीतरी साइट खाली आणल्या. आता तर स्पॅम ओळखणाऱ्या यंत्रणा अशा लिंक सरळ मोडीत काढतात. म्हणजे पैसे गेले आणि हाती काही नाही.

त्यापेक्षा स्वतः हात चालवा. कोथळीगडाला जायची वाट, कर्जतहून मिळणारी एसटी आणि टमटम, पावसात कुठला ओढा धोक्याचा, अशी खरी माहिती साइटवर टाका. ती गावातल्या पोराइतकी मुंबईच्या एजन्सीला माहीत नसते. ट्रेकर्सना ती उपयोगी पडली, तर लिंक मागावी लागणार नाही. रिपोर्ट महिन्यातून एकदा उघडला तरी पुरे. आणि पुढच्या वेळी पॅकेजवाल्याचा फोन आला, तर एवढंच विचारा, ‘कुठल्या साइटवरून लिंक देणार, नावं सांगा.’ तो गडबडला की समजून जा.