सहाव्या अध्यायाच्या निमित्ताने

धर्मग्रंथ म्हणजे परलोकीच्या दरबारातून सुटलेले फर्मान, आणि वाचकाचे काम ते शिरसावंद्य मानून दप्तरी दाखल करण्याइतकेच, ही समजूत ज्यांच्या मनात पक्की रुजली आहे, त्यांनी शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय सावकाश, शक्यतो एकान्तात, वाचून पाहावा. मूळ गीतेच्या या अध्यायात ४७ श्लोक. कुंडलिनीचे नावही त्यांत नाही. नाथपंथातून लाभलेला तो विषय ज्ञानदेवांनी तेथे आणला, आणि नुसता सांगितला नाही, तर दाखविला: कुंकवाने माखलेले नागिणीचे इवलेसे पिल्लू वेटोळे घालून निजले आहे, ते जागे होते, भुकेच्या आवेगात देहातील पृथ्वी आणि जल ही दोन्ही तत्त्वे फस्त करते, आणि मग तृप्त होऊन सुषुम्नेपाशी विसावते. शरीरशास्त्राच्या कसोटीवर या तपशिलाची खातरजमा करू पाहणारे विद्वान आम्हांस भेटले आहेत (त्यांच्या चिकाटीविषयी आदरच आहे). परंतु हे वाचताना ज्याच्या स्वतःच्या पाठीच्या कण्यातून काहीच सरकले नाही, त्याच्या हाती केवळ नकाशा राहिला, असे आमचे मत आहे. प्रस्तुत अंकातील लेख याच दृष्टीने मागविले. त्यांपैकी दोन फार उशिरा हाती आल्याने ओवीच्या छंदावरील टिपण पुढील अंकावर ढकलावे लागले.