राणीच्या बागेतील तंबोरे

कोठी-सुलतानबाजारातील आपली मंडळी मुंबईस गेली, की मुलाबाळांसह राणीच्या बागेत हटकून जातात. परतल्यावर वाघाचे आणि २०१६ साली आलेल्या पेंग्विनांचे रसभरीत वर्णन होते; झाडांचे नाव मात्र कोणी काढीत नाही. वास्तविक भायखळ्याची ही बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली, ती वनस्पती-उद्यान म्हणून. पिंजरे मागाहून आले. जिजामाता उद्यान हे नाव तर १९६९ मधले. आफ्रिकेकडचा गोरखचिंच, ब्रह्मदेशची लाल झुंबरांची उर्वशी असे सुमारे ३००० वृक्ष तेथे उभे आहेत. त्यांच्या जाती २८६.

दरबारी गवयाच्या घरात वाढलेल्या मला ही झाडे तंबोऱ्यासारखी वाटतात. मैफलीत तंबोऱ्याला कोणी वाहवा देत नाही. पण तो थांबला, की गाणे उघडे पडते. २००७ च्या सुमारास बागेच्या नूतनीकरणाचा मोठा आराखडा पुढे आला, तेव्हा काही जाणत्या नागरिकांनी झाडांची बाजू नेटाने लढविली. ज्याचे नाव ठाऊक असते, त्याच्यासाठीच माणूस भांडतो.

म्हणून पुढच्या खेपेस मुलांकडून निदान पाच वृक्षांची नावे पाठ करून घ्यावीत. तोच पाठ मग कोठीतल्या जुन्या रेसिडेन्सीच्या आवारात, जेथे आता महिला विद्यापीठ आहे, पुढे चालविता येईल. आपल्या दाराशी असलेली झाडे तरी आपण अनोळखी का ठेवावीत?