आठवे नाव

त्या गोष्टीला आता काही वर्षे लोटली. माघ महिना होता. तिळारीच्या कालव्याला कोठेतरी भगदाड पडल्याची वार्ता आली आणि आमच्या पेडणे तालुक्यातील नळ एकाएकी मुके झाले. पहिला दिवस पिंपातल्या साठ्यावर निभावला. दुसऱ्या दिवशी शाळेत हात धुण्यापुरतेही पाणी नव्हते. तिसऱ्या दिवशी आम्ही कागद पुढे ओढला आणि एक खरमरीत तक्रारपत्र लिहून काढले. भाषेवर एम. ए. केल्याचा उपयोग अशा वेळी फार होतो. पत्र उत्तम उतरले. घडी घालताना मात्र मनात आले की, गेली कित्येक वर्षे हे पाणी दररोज सकाळी न चुकता आपल्या न्हाणीघरात येत होते. त्याबद्दल कुणाला, अगदी देवालासुद्धा, आपण एक ओळ तरी लिहिली काय?

वाचकहो, आम्ही मुख्याध्यापक. सकाळच्या प्रार्थनेला तीनशे मुलांपुढे डोळे मिटून उभे राहणे हा आमच्या नोकरीचा भाग. परंतु त्या प्रार्थनेत आम्ही सदैव काहीतरी मागतच आलो आहोत: बुद्धी दे, यश दे, बळ दे. जे मिळालेलेच आहे त्याचा उच्चार करण्याचे स्मरण आम्हांस कधी झाले नाही.

आमच्या परसात वडिलोपार्जित विहीर आहे. नळ आल्यापासून तिच्यावर जाळी पडली, जाळीवर पालापाचोळा पडला आणि कप्पीला गंज चढला. चौथ्या दिवशी आम्ही दोन मजूर बोलावून ती उपसावयास लावली. शेजारच्या वयोवृद्ध काकी काठी टेकीत आल्या, कठड्याशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नळाक उदक ना म्हणून बांय याद आयली, न्हय मास्तर?" बांय म्हणजे आमच्याकडे विहीर. आम्ही निरुत्तर झालो. दुपारपर्यंत चिखल निघाला. त्यासरशी एक पितळी गडवा वर आला, तो आमच्या मातोश्रींचा निघाला. संध्याकाळी तळाशी झऱ्याचे पाणी दिसू लागले. इतकी वर्षे कोणी ढुंकूनही पाहिले नव्हते, तरी तो झरा वाहत होता. दुसऱ्या दिवशी काकींनी हळदकुंकू आणि जास्वंदीचे फूल आणून विहिरीला वाहिले, आणि मगच पहिली कळशी काढू दिली. आमच्या सौभाग्यवतींना त्यात काही नवल वाटले नाही. नवल वाटले ते आम्हांलाच.

गोव्यात पाऊस उदंड. वर्षाला सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर. बाहेरच्या माणसाला वाटते, येथे पाण्याला काय तोटा! पण जांभ्या दगडाचे सडे पाणी धरून ठेवीत नाहीत. आषाढात अंगण वाहून जाते आणि वैशाखात त्याच अंगणातली विहीर तळ दाखविते. शेजारच्या डिचोली तालुक्यात तर याहून कठीण प्रकार घडला. लइराई देवीचे शिरगाव आपल्यापैकी पुष्कळांना तेथील जत्रेमुळे आणि अग्निदिव्यातून चालत जाणाऱ्या धोंडांमुळे ठाऊक असेल. त्याच गावाच्या भोवती लोहखनिजाच्या खाणी भूजलाच्या पातळीखाली उतरल्या. खाणीतले पाणी उपसून बाहेर टाकले जाऊ लागले, तसे गावच्या विहिरींचे पाणी ओसरले. खाणी २०१२ साली थांबल्या, मागाहून सुरू झाल्या, २०१८ साली पुन्हा बंद पडल्या आणि २०२४ मध्ये डिचोली तालुक्यात पुनश्च आरंभ झाला. खाणीवर कित्येकांची चूल पेटत होती, हेही खरे. आमचे माजी विद्यार्थी त्या ट्रकांवर होते. म्हणून येथे निवाडा देण्याचा आव आम्ही आणीत नाही. परंतु ज्या गावात विहीर आटते, त्या गावात पाण्याला गृहीत धरणारा माणूस उरत नाही, एवढे पाहिले आहे.

आता तिळारीविषयी. ही नदी सह्याद्रीत उगम पावते, सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातून गोव्यात उतरते आणि शापोऱ्याजवळ समुद्राला मिळते. धरण महाराष्ट्रात, कालवे दोन्ही राज्यांत. त्यासंबंधीचा करार १९९० साली झाला. आमच्या नळाला जे पाणी येते त्याच्या तळाशी शिरंगे, पाट्ये, केंद्रे यांसारख्या गावांची जमीन आहे. तेथे घरे होती, देवळे होती, आणि आमच्यासारख्याच परसातल्या विहिरीही असतील. ती माणसे उठून दुसरीकडे गेली, तेव्हा आमची घागर भरली. देवाचे आभार मानताना हे विसरणे आम्हांला आता जड जाते. 'देवाने दिले' असे म्हणून मोकळे होणे सोपे असते. देवाने ते कुणाच्या हातून घेऊन दिले, हे विचारावयास गेले की मान खाली जाते.

आपल्या घरांत स्नानाच्या वेळी सात नद्यांना तांब्यात बोलावण्याची रीत आहे. गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू आणि कावेरी. आम्ही ती मौजीबंधनापासून पाळतो. आपणांपैकी जे इंदूरला आहेत त्यांच्या घरी १९७८ पासून खरोखरच नर्मदेचे पाणी येते. जलूदहून उपसून, डोंगर चढवून आणलेले. त्यांनी नर्मदेचे नाव घेताना नळाकडे एकवार पाहावे. तंजावरच्या मराठी मंडळींना तर कावेरी म्हणजे घरचीच. बडोदेकरांची गोष्ट निराळी. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत बांधलेल्या आजव्याच्या तलावाचे नाव त्या सातांत नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या तहान त्यानेच भागविली. आम्हीही तसेच. तिळारीच्या पाण्याने अंग धूत होतो आणि नाव घेत होतो सिंधूचे, जिचे दर्शन या जन्मी घडेल असे दिसत नाही.

नवव्या दिवशी नळ आला. आधी वारा, मग गढूळ लोंढा, मग स्वच्छ धार. घरातली सर्व माणसे न्हाणीत जमली होती, जणू कोणी पाहुणा आला होता. तक्रारपत्र टपालात पडलेच नव्हते. ते अजून खणात आहे.

विहिरीवर पुन्हा जाळी घातली आहे, मात्र कप्पीला तेल देतो आणि चतुर्थीला गणपतीच्या अभिषेकाचे पाणी तिचेच काढतो. आणि सकाळी तांब्या डोक्यावर ओतताना सात नावे झाली की आठवे नाव हळूच उच्चारतो. सौभाग्यवतींनी एकदा ते ऐकले आणि हे शास्त्रात बसते का, असे विचारले. भटजींना विचारावयाचे आम्ही अजून टाळीत आहोत.