दोन गुणांच्या प्रश्नाविषयी

दहावीच्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत पहिल्याच प्रश्नात एक लहानसा उपप्रश्न असतो. एखादा लांब शब्द दिलेला असतो आणि त्यातील अक्षरे वापरून किमान तीन अक्षरांचे चार शब्द तयार करावयाचे असतात. गुण दोन. शिकवणीवर्गांत हा प्रश्न ‘हमखास गुणांचा’ म्हणून उरकला जातो आणि मुले टेन, मेन, नेट असे मोजूनमापून तीन अक्षरांचे शब्द लिहून पुढे सरकतात. आमचे मत निराळे आहे. वसतिगृहात राहून मराठी माध्यमातून शिकणाऱ्या आणि घरी इंग्रजीचा एक शब्दही कानावर न पडलेल्या मुलामुलींच्या दृष्टीने त्या संपूर्ण प्रश्नपत्रिकेत याहून मोलाचा प्रश्न नाही; आणि नेमका तोच सर्वांत कमी शिकवला जातो.

उदाहरण घरचेच घेऊ. आपल्या देवनारचे नाव इंग्रजी पाट्यांवर सहा अक्षरांत लिहितात : डी, ई, ओ, एन, ए, आर. या सहांतून रोड निघतो, रीड म्हणजे वाचणे निघते, निअर, डिअर, डेअर, डन निघतात. थोडे थांबले की अर्न म्हणजे कमावणे आणि ॲडॉर्न म्हणजे सजवणे हेही हाती लागतात. शेजारच्या गोवंडीत अव्हॉइड म्हणजे टाळणे आणि डूइंग म्हणजे करणे एकत्र नांदतात. मानखुर्दच्या आठ अक्षरांत ह्यूमन सापडतो आणि ड्रंकही सापडतो. याबद्दल मानखुर्दकरांनी राग मानू नये.

आता हाच खेळ मराठीत खेळून पाहावा. ‘देवनार’ या चार अक्षरांतून देव, नाव, नार, वर हे शब्द सहज सुचतात. ‘वेद’ मात्र चटकन सुचत नाही. कारण ‘दे’वरची मात्रा उचलून ‘व’वर ठेवावी, असे आपल्या मनात येत नाही. आपल्या लिपीत स्वर व्यंजनाला बिलगून असतो, इंग्रजीत तो सुटा असून रांगेत कोठेही जाऊन उभा राहतो. मराठीत वाढलेले मूल डी आणि ई शेजारी पाहिले की त्याला ‘दे’ समजते आणि ती जोडी फोडायला तयार होत नाही. ते मंद नाही. त्याने आपली लिपी नीट आत्मसात केली आहे, एवढाच त्याचा अर्थ. ती जोडी फोडण्याची सवय व्याकरणाच्या नियमांनी लागत नाही; अक्षरे हातांनी हलवूनच लागते.

दुसरी अडचण उच्चाराची. निअर आणि डिअर यांत ई-ए-आर ही तीन अक्षरे ज्या ध्वनीने येतात, तीच अर्नमध्ये अगदी वेगळ्या ध्वनीने येतात. डन आणि ड्रोन यांच्या शेवटी ई लिहावा लागतो, पण तो बोलत नाही. ज्याच्या घरी इंग्रजी बोलली जाते ते मूल आवाजाकडून अक्षराकडे जाते. आपल्या मुलांना अक्षराकडून आवाजाकडे जावे लागते. ही वाट उलटी आहे; पण वाट आहे, आणि ती चालण्यासाठी खडू नि फळा यांपलीकडे काही लागत नाही.

शब्द शोधण्याची रीतही शिकवता येते. अमेरिकेत १९३०च्या दशकातील मंदीत काम गेलेले आल्फ्रेड बट्स नावाचे एक वास्तुविशारद वर्तमानपत्रांच्या पानांवर कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजत बसले. त्या मोजणीतून पुढे ‘स्क्रॅबल’ हा खेळ आकाराला आला. त्याच्या १०० तुकड्यांत ई १२ आहेत, ए ९, ओ ८, एन व आर प्रत्येकी ६ आणि डी ४. क्यू आणि झेड मात्र एकेकच. म्हणजे देवनारची सहा अक्षरेच शंभरांतील ४५ तुकडे व्यापतात! मुलांना सांगावे : प्रथम स्वर बाजूला काढा, मग एसटी, टीआर, सीएच अशा एकत्र येणाऱ्या जोड्या पाहा, शेवटी ईडी, ईआर, आयएनजी जुळते का ते तपासा. अक्षरे ओळीत न लिहिता वर्तुळात लिहिली तर मूळ शब्दाची पकड सुटते.

२००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी शिकवली जाते. तरीही पालकांची धास्ती कमी झालेली नाही, आणि कर्ज काढून मुलाला इंग्रजी शाळेत घालणारी घरे आपल्या वस्त्यांत आहेत. त्यांच्यासाठी एक शब्द : एज्युकेशन. यात इंग्रजीचे पाचही स्वर आहेत. त्याचीच नऊ अक्षरे, एकही न गाळता, फिरवली की ऑक्शन्ड होते, म्हणजे लिलावात विकलेले. पुन्हा फिरवली की कॉशन्ड, म्हणजे सावध केलेले. योगायोगच तो, परंतु शुल्काची पावती हाती घेताना आठवावा असा.

मोबाइलवर अक्षरे टाकली की क्षणात शब्दांची यादी समोर येते, मग डोके कशाला शिणवायचे, असे मुले विचारतात. यादी मिळते हे खरे. पण डी आणि ई वेगळे करताना डोक्यात जे घडते, ते यादी वाचताना घडत नाही. शब्दकोशाचे तसे नाही. तो या खेळात हवाच. सापडलेला प्रत्येक शब्द त्यात पाहावा, अर्थ लिहावा, एक वाक्य करावे. अर्थ न सांगता आलेला शब्द मोजू नये, असा आमचा आग्रह आहे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना विनंती, की यंदा स्मृतिचिन्हांवर खर्च न करता वसतिगृहाला इंग्रजी-मराठी शब्दकोश द्यावेत. वापरलेले चालतील, चौघांत एक पुरेल. रात्रीच्या अभ्यासानंतर पंधरा मिनिटे, फळ्यावर एकच शब्द. पहिल्या आठवड्यासाठी आम्ही कॉन्स्टिट्यूशन सुचवतो. बारा अक्षरे आहेत. त्यांत युनियन आहे, काउंट आहे, कझिन आहे, आणि चक्क ट्यूशनही आहे. उरलेले मुलांनी शोधावेत.