उगाच पावसाला दोष देऊ नका!

जुलै उजाडला की "रविवारी सायकलवर डोंगरात चाललोय" एवढं म्हणायची खोटी, ऑफिसातल्या सगळ्यांना अचानक माझी काळजी वाटायला लागते. घसरशील, आजारी पडशील, पाऊस थांबू दे, मग जा. मंडळी, आज जरा भांडायचंच आहे. माझं म्हणणं सरळ आहे. धोका आपण बांधलेल्या रस्त्यांत आहे आणि त्याचं पाप दरवर्षी बिचाऱ्या पावसाच्या माथी मारलं जातंय.

आधी एक गैरसमज. पुण्या-मुंबईच्या दोस्तांना पावसातले डोंगर म्हटले की ताम्हिणी नाहीतर माळशेज दिसतात. विदर्भ म्हणजे ऊन आणि संत्री, संपलं! मी जवाहरनगरचा, म्हणजे भंडारा जिल्ह्यातल्या आयुध निर्माणीच्या वसाहतीतला. तिथून भंडारा, मोहाडी, तुमसर करत एकदा आंबागड-गायमुखकडच्या टेकड्या गाठा. सह्याद्रीचे कडे तिथे नाहीत, मान्य. पण पाण्याने भरलेल्या बांध्या, रोवणीला वाकलेल्या बाया, मग जंगल आणि हळूहळू चढत जाणारा रस्ता आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे जातो तेव्हा हाच चढ जीव घेतो. पावसात अंग तापतच नाही. खरं तर आमच्याकडे सायकल चालवायचा हंगाम कुठला असेल तर तो हाच.

आता धोक्याचं बोलू. रपट्यावरून पाणी जात असेल किंवा विजा कडाडत असतील तर थांबायचं, यावर वाद नाही. पण एरवी सायकलवाल्याला काय मारतं? रस्त्याची कड! दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर चढतो. रस्ता उंच होतो, साइडपट्टी मात्र खालीच राहते. तिच्यावर थोडा मुरूम टाकला की काम संपलं. पहिल्या दोन पावसांत मुरूम वाहून जातो आणि डांबराच्या कडेला चांगली वीतभर पायरी तयार होते. वर गढूळ पाणी साचलं की ती पायरीही दिसत नाही आणि खड्डाही दिसत नाही. मग सायकलवाला काय करणार? रस्त्याच्या आत सरकणार. मागून वाळूचा टिप्पर किंवा मँगनीजचा ट्रक येणार, हॉर्न मारणार, आणि काही झालंच तर लोक म्हणणार, "सायकलवाला मधे आला."

आमच्या धंद्यात एखादा प्रोग्राम दरवर्षी ठरलेल्या महिन्यात कोसळत असेल तर कुणी इनपुटला शिव्या देत नाही. पाऊस हा इनपुट आहे साहेब, आणि तो हजारो वर्षं येतोय! तो गृहीत न धरता रस्ता बांधणाऱ्याला जाब विचारायचा सोडून आपण सायकलवाल्याला घरी बसायला सांगतो.

बरं, मी बसेनही घरी. माझी सायकल रविवारची. तिला डिस्क ब्रेक आहेत, अंगावर रेनकोट, मागे लुकलुकणारा लाल दिवा. पण जो रोज जातो त्याचं काय? त्याच्या सायकलीला स्टीलची रिम आणि रबराचे ब्रेक. ओल्या स्टीलवर रबर धरतच नाही. ब्रेक दाबला तरी सायकल पुढे जातच राहते. म्हणजे ज्याला पावसात निघणं भाग आहे त्याच्याकडेच सर्वांत वाईट ब्रेक! डोक्यावर युरियाच्या पोत्याची खोळ घेऊन बांधीवर निघालेल्या माणसाला "पाऊस थांबू दे" असं सांगून बघा. पाऊस थांबला तर त्याची रोवणीच राहील.

आणि शाळेतल्या मुली? राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. उत्तम योजना आहे, टोमणा नाही. पण शाळा सुरू होते जूनमध्ये, पावसाबरोबर. सरकार एका हाताने सायकल देतं आणि ती चालवायला दीड हात कड देत नाही, याला काय म्हणायचं?

कुणी म्हणेल, गाड्या इतक्या वाढल्या, जागा कुठून आणणार? जागा कागदावर आहे की! सात मीटरचा रस्ता आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर पक्की साइडपट्टी हा प्रकार आपल्याच महामार्गांवर कित्येक ठिकाणी बांधलेला आहे. ज्या रस्त्यावर शाळा आहे, कारखाना आहे, बाजार आहे, तिथे तो का नको? पूर्वी नगरपालिका सायकलवर कर घ्यायच्या, पितळी बिल्ला नसला की दंड व्हायचा. म्हणजे वसुलीच्या वेळी सायकल हे वाहन होतं. रस्ता आखायच्या वेळी ती कुठे जाते?

२०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यात सायकलवाले साधारण तीन टक्के. 'फक्त तीन टक्के' म्हणण्याआधी गुणाकार करून बघा, पाच हजारांच्या आसपास आकडा येतो. यातले रविवारी डोंगरात फिरायला गेलेले किती असतील असं तुम्हाला वाटतं?

आणि आता थोडं आपल्याच जातभाईंना. आपण रविवारवाले मागणी करतो ती शहरातल्या सायकल ट्रॅकची. तो होतो, रंगवला जातो आणि महिन्याभरात त्यावर गाड्या पार्क होतात. गावाकडच्या कडेबद्दल आपण बोलत नाही, कारण सोमवारी आपण तिथे नसतो. पण कागद, कॅमेरा आणि अर्ज लिहायची सवय आपल्याकडे आहे, त्या आठवीतल्या मुलीकडे नाही. तेव्हा पुढच्या रविवारी ढगांचे फोटो काढालच, जोडीला कडेच्या पायरीचाही एक काढा. पट्टी लावून उंची मोजा, किलोमीटरच्या दगडाचा आकडा लिहा आणि सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कार्यालयात अर्ज देऊन पोच घ्या. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात विचारा, की या साइडपट्टीवर शेवटचा खर्च कधी झाला आणि किती.

पाऊस पुढच्या जूनमध्ये पुन्हा येणारच आहे. त्याच्या आधी कड भरून घेता येते, आणि त्यासाठी आठ महिने कोरडे मिळतात.