स्वारगेटचा स्टँड पाडून काय होणार?

खोडव्याला पाणी सोडून बांधावर बसलो होतो. शेजारचे आबा म्हणाले, "त्या स्वारगेट स्टँडवर बुलडोझरच फिरवला पाहिजे." मला नाही पटलं.

२५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे तिथं उभ्या शिवशाहीत एका तरुणीवर अत्याचार झाला. पोलीस ठाणं हाकेच्या अंतरावर. आरोपी सापडला शिरूर तालुक्यात, गुनाटच्या शिवारात. पोलीस अन् गावकरी उसाची रानं धुंडाळत होते, वर ड्रोन. म्हणून कुणी उसाची लागण बंद करा म्हणालं का?

भंगार गाड्या हलवा, ते बरोबरच. परिवहन मंत्र्यांनी तसं सांगितलंही. पडक्या गोठ्यात साप शिरतो, तसला आडोसा कशाला ठेवायचा? पण स्टँडच पाडला तर पहाटेची गाडी रस्त्याच्या कडेला थांबणार, अजून अंधारात. उभ्या गाडीचं दार उघडं कसं राहिलं, राखणदार कुठं होता, हे आधी विचारा की.

सोमवारी पहाटे लेक त्याच स्टँडवर उतरणार आहे. आणायला मीच चाललोय. पाण्याची पाळी आबांच्या गळ्यात टाकलीय.