‘प्रिझर्व्हेटिव्ह फ्री’ क्रीम घ्यावं का?

दिवाळीच्या आधी गावोगावी प्रदर्शनं भरतात. पापड, मसाले, कंदील यांच्या शेजारी हल्ली एक टेबल हमखास असतं : घरी बनवलेलं कोरफड जेल, गुलाबाचं क्रीम, काकडीचं लोशन. वर ठळक अक्षरात ‘केमिकल फ्री, प्रिझर्व्हेटिव्ह फ्री’. ते वाचून आपण निश्चिंत होतो आणि डबी उचलतो. माझं मत नेमकं उलटं आहे. ज्या क्रीममध्ये पाणी आहे आणि प्रिझर्व्हेटिव्ह नाही, ती डबी परत टेबलावर ठेवावी.

का, ते समजायला स्वयंपाकघरात जाऊ. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातला की घरात ओरडा बसतो, हो ना? मीठ आणि तेल यांच्या जोरावर वर्षभर टिकणारं लोणचं त्या थोड्याशा पाण्याने बुरसतं. मुरंब्यात साखर हेच काम करते. साखर आणि मीठ पाणी धरून ठेवतात, जंतूंना ते वापरता येत नाही. म्हणजे टिकवणारा पदार्थ काही कंपन्यांनी शोधलेला नाही, तो आपल्या फडताळात कधीपासून आहे. पण चेहऱ्याच्या क्रीममध्ये लोणच्याएवढं मीठ घालून चालेल का? नाही. आणि क्रीम म्हणजे मुळात तेल आणि पाणी यांचं घुसळून एकजीव केलेलं मिश्रण. अनेक लोशनमध्ये तर निम्म्याहून जास्त पाणीच असतं. त्यात कोरफडीचा गर किंवा काकडीचा रस घातला की जंतूंना खायलाही मिळालं.

शिवाय डबी बनताना स्वच्छ होती एवढ्याने भागत नाही. आपण तिच्यात रोज दोनदा बोट घालतो. बाथरूमच्या दमट हवेत झाकण उघडं राहतं. प्रिझर्व्हेटिव्ह दुकानातल्या फळीसाठी असतो असं बरेच जण समजतात, पण तो खरं तर आपल्या बोटांसाठी असतो.

क्रीम खराब झालं तर कळेलच की, असं काही जण म्हणतात. हाच मोठा गैरसमज आहे. एका मिलिलिटरमध्ये काही लाख जीवाणू असले तरी पाणी डोळ्यांना स्वच्छच दिसतं. वास येईपर्यंत, काळे ठिपके दिसेपर्यंत आपण ते कितीतरी दिवस लावलेलं असतं. निरोगी कातडीला कदाचित काही होणार नाही. पण फुटलेली पुरळ, इसब झालेली जागा, तान्ह्या बाळाची त्वचा, डोळ्याची कड इथे गोष्ट वेगळी. १९७० च्या दशकात अमेरिकेत पापण्यांना लावायच्या मस्काऱ्यात स्यूडोमोनास नावाचे जीवाणू वाढले, ब्रश डोळ्याला लागून बुबुळाला जखम झाली आणि काही स्त्रियांची नजर कायमची अधू झाली. त्यानंतरच मस्काऱ्यातल्या प्रिझर्व्हेटिव्हकडे नीट लक्ष गेलं.

मग लोक प्रिझर्व्हेटिव्हला एवढे का घाबरतात? यामागे एक गोष्ट आहे. २००४ मध्ये इंग्लंडमधल्या रीडिंग विद्यापीठाच्या फिलिपा डार्ब्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या २० गाठींचे नमुने तपासले. त्यात पॅराबेन सापडलं. बातमी जगभर गेली. पण निरोगी पेशींमध्ये पॅराबेन किती असतं याची तुलना त्या अभ्यासात नव्हती, आणि पॅराबेनमुळे कर्करोग झाला असा निष्कर्षही त्यात नव्हता. पॅराबेन शरीरातल्या इस्ट्रोजेनची अगदी क्षीण नक्कल करतात हे खरं आहे, म्हणून त्यांच्यावर मर्यादाही आहेत. युरोपात एका पॅराबेनला ०.४ टक्के ही कमाल मर्यादा आहे, म्हणजे ५० ग्रॅमच्या डबीत ०.२ ग्रॅम. प्रोपिल आणि ब्युटिल पॅराबेनची मर्यादा तर ०.१४ टक्क्यांवर आणली गेली, आणि पुरेशी माहिती नसलेल्या पाच पॅराबेनांवर २०१४ मध्ये बंदी आली. ही सावधगिरी मला योग्य वाटते.

पण पुढे काय झालं ते बघा. ‘पॅराबेन फ्री’ लिहिता यावं म्हणून बऱ्याच कंपन्यांनी दुसरी प्रिझर्व्हेटिव्ह घेतली. त्यातलं एक मेथिलआयसोथायाझोलिनोन. (नाव एका दमात म्हणून दाखवा!) क्रीममध्ये, बाळांच्या ओल्या वाइप्समध्ये ते सर्रास आलं आणि युरोपात त्याच्या ॲलर्जीची लाटच उसळली. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संघटनेने २०१३ मध्ये त्याला ‘वर्षातला ॲलर्जीकारक’ ठरवलं. २०१७ पासून युरोपात अंगावर तसंच ठेवायच्या क्रीममध्ये ते घालायला मनाई आहे. पॅराबेनमुळे ॲलर्जी क्वचितच होते. म्हणजे भीतीपोटी आपण बरा गडी काढून खोडकर गडी आत घेतला. म्हणूनच मी म्हणतो, ‘प्रिझर्व्हेटिव्ह’ या शब्दाला भिऊ नका, कोणतं आणि किती हे विचारा.

आपल्या आजीच्या वस्तू बिनप्रिझर्व्हेटिव्हच्या होत्या, हे अगदी मान्य. पण त्या कोणत्या होत्या? उटणं कोरडं असतं, कालवलं की त्याच दिवशी संपतं. टाचांच्या भेगांना लावायचं कोकमाचं तेल, खोबरेल, तूप यांत पाणी नसतं. दुधाची साय चेहऱ्याला लावून लगेच धुतात, महिनाभर डबीत भरून ठेवत नाहीत. आजीचं शास्त्र पक्कं होतं. ते मोडतोय आपण, कोरफडीचा ओला गर बाटलीत भरून.

प्रदर्शनातल्या ताईंवर माझा राग नाही. बहुतेक जणी दोन तासांच्या कार्यशाळेत हे शिकून आलेल्या असतात आणि तिथे त्यांना ‘व्हिटॅमिन ई घाला, टिकतं’ एवढंच सांगितलेलं असतं. व्हिटॅमिन ई तेल खवट होणं लांबवतं, जंतूंना ते अडवत नाही. राग असलाच तर असं अर्धवट शिकवणाऱ्यांवर आहे. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधनं बनवायला आपल्याकडे परवाना लागतो, वेष्टनावर घटकांची यादी द्यावी लागते, हेही तिथेच सांगायला हवं. प्रिझर्व्हेटिव्ह पुरेसं आहे का हे बघायची चाचणीही असते. क्रीममध्ये मुद्दाम जंतू सोडतात आणि २८ दिवस ते किती उरतात ते मोजतात. हे सगळं जमणार नसेल तर त्या ताईंनी उटणं, मेणाचं मलम, तेल विकावं. त्यालाही गिऱ्हाईक भरपूर आहे.

आणि तुम्ही घरी हे तपासू शकता. दोन स्वच्छ काचेच्या बाटल्या घ्या. एकीत कोरफडीचा ताजा गर, दुसरीत खोबरेल तेल. झाकण लावून आठवडाभर बाहेर ठेवा, रोज रंग आणि बुडबुडे यांची नोंद वहीत करा. गराची बाटली नंतर उघडून हुंगू नका, झाकणासकटच टाकून द्या आणि हात साबणाने धुवा.